बटणं पाठीवर

चौबे कॉलोनी, रायपूर
गुरुवार, १६ जानेवारी

ती. कलाताई,

मंदाकिनीचा वाकून नमस्कार. भाऊजींनाही नमस्कार, त्यांच्या गुडघ्याला धक्का न लावता. भंडाऱ्याला थंडी कशी आहे, गुडघ्याचं तेल पुरलं की संपलं, तुमचं बीपी गोळीने उतरते की नुसतं गोळीचं पाकीट पाहून, हे सगळं सविस्तर कळवावं. आम्ही इकडे बरे आहोत. (हे सवयीने लिहिलं. पुढे वाचाल तर खरंही निघेल, पण जरा वेळ लागेल. चहा घेऊन बसा.)

पाकीट पाहून घाबरू नका. फोन असताना ही पत्र काहून लिहून राहिली, असं तुम्ही भाऊजींना नक्की विचाराल. कारणं दोन. एक म्हणजे मोबाईलवर मराठी लिहायला गेलं की तो माझ्यापेक्षा शहाणपणा करतो. मागे गंधालीला "पापड पोचले" असं लिहिलं, तर त्यानं "पापा पहुंचे" केलं, आणि ती पोरगी पुण्याहून घाबरून फोन करते, की बाबा कुठे पोचले, कोणाबरोबर पोचले. दुसरं कारण असं, की फोनवर बोलले की तुमचा भाऊ ऐकतो. आणि जे सांगायचं आहे ते त्यांच्यासमोर सांगण्यासारखं नाही. आता ते अंगणात उन्हात आहेत, कुत्रीसोबत. तेवढ्यात लिहून घेते.

आधी एक खोटं कबूल करते. दिवाळीच्या पाडव्याला तुमचा फोन आला, तुम्ही म्हणालात दिवाकरला दे, मी दिला. ते "ता... ता..." करत राहिले, तुम्हाला रडू फुटलं आणि भाऊजींनी फोन घेतला. तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पस्तीस वर्षं ज्या माणसानं रेल्वेच्या कंट्रोलमध्ये बसून नुसत्या आवाजावर गाड्या पळवल्या, थांबवल्या, त्याच्या तोंडून आपलं नाव निघत नाही हे ऐकून बहिणीला रडू नाही येणार तर काय येणार. पण त्यांनी ते ऐकलं. त्या दिवसापासून रविवारी तुमचा फोन वाजला की ते काठी घेऊन मागच्या दारी जातात, आणि मी तुम्हाला सांगते की आंघोळीला गेले. असे अकरा रविवार झाले. परवा तुम्ही विचारलंतच, की हा एवढा काहून न्हातो, साबण तरी कोणता आणता. ताई, साबण नेहमीचाच आहे. ते आंघोळीला गेलेले नसतात.

आता कुत्री. जूनमध्ये लकवा मारला तेव्हापासूनचं तुम्हाला माहीतच आहे. डावा हात आणि जीभ. डॉक्टर म्हणाले की शब्द डोक्यात जिथल्या तिथे आहेत, फक्त तोंडापर्यंत यायला त्यांना वेळ लागते. बोलत राहावं, चालत राहावं, सुधारेल. पण तुमचा भाऊ बोलायलाही तयार नाही आणि फाटकाबाहेर पाऊल टाकायलाही. एकच शब्द अडखळल्याशिवाय यायचा, तो म्हणजे "हव". पन्नास वर्षं छत्तीसगडात काढल्यावर माणसाचं "हो" जाते आणि "हव" राहते. चहा देऊ का, हव. साखर नको ना, हव. डॉक्टरकडे जायचं ना, हव, आणि पलंगावरून उठायचं नाव नाही. गणपतीच्या दिवसांत गल्लीतली एक म्हातारी कुत्री फाटकातून आत येऊन त्यांच्या खुर्चीजवळ उभी राहिली. रंग भिजल्या पोत्यासारखा, एक कान फाटका. मी झाडू उचलून विचारलं, हाकलू का हिला? ते म्हणाले, हव. कुत्रीनं मान वर केली, दोन पावलं पुढे आली आणि त्यांच्या पायावर बसली. तिला वाटलं आपल्याला बोलावलं. तेव्हापासून तिचं नाव हव. (समोरच्या अग्रवाल भाभी तिला रानी म्हणतात, कोपऱ्यावरचा पानवाला अजून काही म्हणतो. ती कोणालाच ओ देत नाही.)

मी कुत्र्यामांजरांची नाही हे तुम्ही जाणता. पण दिवसातून पन्नास वेळा हे "हव" म्हणणार आणि पन्नास वेळा ती उठून जवळ येणार, असं घरात सुरू झालं, आणि मी झाडू खाली ठेवला.

डिसेंबरात थंडीची लाट आली. एक दिवस सकाळी हव अंगणात पडलेली, मागचे पाय उचलेनात, अंग लटलट कापत होतं. हे एका हाताने तिला उचलू पाहत होते. मी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. निधी नावाची तरुण मुलगी, स्कूटीवर आली. कार्ड भरताना नाव विचारलं. हे म्हणाले, हव. ती म्हणाली, जी, नाम बताइए. हे म्हणाले, हव. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी मध्ये पडले नसते तर कार्ड आजही कोरं असतं. तिनं तपासून सांगितलं की वय बारा-तेराच्या घरात आहे, सांधे आखडले आहेत, घाबरण्यासारखं नाही, पण हिला रात्री आणि पहाटे गरम जॅकेट घालायलाच पाहिजे. माप कसं घ्यायचं तेही सांगितलं: मान, छाती, आणि मानेपासून शेपटीच्या सुरुवातीपर्यंत पाठ. घातल्यावर आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत, काखेत घासायला नको, ओलं झालं तर लगेच काढायचं, ऊन चढलं की उतरवायचं. मी हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं. गंधालीच्या वेळी बाळंतपणातसुद्धा मला इतक्या सूचना नव्हत्या.

माप घ्यायला माझी शिवणाची टेप काढली. मान झाली, छाती झाली, पाठीला गेले तोवर हवनं टेपचं टोक चावून खाल्लं. एक ते चार इंच गेले. आता आमच्या घरात मोजणी पाचापासून सुरू होते. ते मी विसरले आणि पाठीचं माप चार इंच जास्त कळवलं, त्यात गंधालीनं तिकडे छातीच्या जागी मान टाकली. पुण्याहून तिनं जे मागवलं ते लालभडक, टोपीवालं, आणि हवच्या डोक्यातून कसंबसं गळ्यापर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मफलर म्हणून छान होतं. ते परत केलं. दुसरं आलं ते मापात बरोबर बसलं, पण कापड असं चकचकीत, की हललं की चिप्सचं पाकीट फोडल्यासारखा आवाज. हवला ते घातलं आणि ती दगड झाली. डोळे समोर, पाय रोवलेले, शेपूट बंद. बिस्किट दाखवलं, हलली नाही. अग्रवाल भाभींनी फाटकातून विचारलं, मूर्ति बिठा दिए क्या भाभी. अर्धा तास झाला. तुमचा भाऊ खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला, आणि मग ताई, त्यांच्या तोंडून आधी एक आवाज निघाला, मला वाटलं ठसका लागला. हसत होते. जूनपासून पहिल्यांदा. हसता हसता माझ्याकडे पाहून म्हणाले, "काढ." अडखळले नाहीत. मी काढलं. (नंतर स्वयंपाकघरात जाऊन थोडा वेळ मिक्सर लावला. त्यात काही नव्हतं.)

मग मी ठरवलं की शिवूनच घ्यायचं. पुरानी बस्तीतले देवांगन मास्टर तीस वर्षं माझे ब्लाऊज शिवून राहिले, त्यांच्याकडे जुनं ब्लँकेट घेऊन एकटीच गेले. दुकानात दोन बायका बसलेल्या. त्यांच्यासमोर कुत्रीसाठी कोट म्हणायची मला लाज वाटली, म्हणून मी म्हणाले, घर के छोटे के लिए है. माप दिलं, टेपचे चार इंच आठवणीनं वजा करून. मास्टरांनी मन लावून शिवलं. दोन बाह्या, पाठ बाळाच्या मानानं आखूड, गोल कॉलर, छातीवर खिसा, त्यावर बदकाचं चित्र. वर विचारलं, नाती हुआ है क्या, मिठाई नहीं खिलाए. मी हो म्हणून मिठाई कबूल करून आले. त्या बदकाच्या कोटात हव पुढून नातवासारखी दिसत होती आणि मागून थंडीनं कापतच होती.

तेव्हा हवला घेऊनच जाणं आलं. ई-रिक्षा बोलावली. हव चढेना. मी ओढली, रिक्षावाल्यानं मागून ढकलली, तिनं चारही पाय फाकवले. तेवढ्यात फाटक वाजलं. पायात घरातली चप्पल, हातात काठी आणि एक कापडी पिशवी अशा थाटात तुमचा भाऊ बाहेर आला, रिक्षात बसला आणि मांडीवर थाप मारून म्हणाला, हव. ती टुणकन आत. मला वाटलं आता हे उतरतील. उतरले नाहीत. रिक्षावाल्याला म्हणाले, "चलो." दवाखाना सोडून सहा महिन्यांत हे पहिलं फाटक ओलांडणं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सारा रस्ता तोंड मिटून होते, कारण मला वाटत होतं की मी एक शब्द जरी बोलले तर ते परत फिरतील.

आता पुढचं शांतपणे वाचा. दुकानात त्यांनी पिशवी उघडली. मला वाटलं बिस्किटं असतील. निघाला तुम्ही त्यांच्या निवृत्तीला शिवून दिलेला राखाडी लोकरीचा कोट. मी म्हणाले, अहो, हा ताईंनी दिलेला. ते म्हणाले, "मले... लागत नाही." मला राग आला. बहिणीनं हौसेनं दिलेली वस्तू, लागत नाही म्हणून कुत्र्याला? त्यांनी मान हलवली, डावा हात वर केला, बोटं उघडायचा प्रयत्न केला, आणि पूर्ण वाक्य बोलले. "मले... बटण... लागत नाही."

ताई, कपाट उघडलं की तो कोट समोरच दिसायचा. नोव्हेंबरपासून मी त्यांना चेनवालं स्वेटर चढवत होते, सकाळी लवकर उरकावं म्हणून, आणि त्यांना काय लागते नि काय लागत नाही हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. तुम्ही रागवायचं तर माझ्यावर रागवा. कोट त्यांनी दिला, पण मीही मास्टरच्या हातातून ओढून घेतला नाही.

मास्टरांनी हवला पाहिलं, बदकाचा कोट आठवला, माझ्याकडे पाहिलं. भला माणूस, मिठाई मागितली नाही. तोंडात टाचण्या धरून हवच्या पाठीवर कापड टाकलं आणि हातानेच विचारलं, बटणं कुठे? मी सांगायला तोंड उघडलं. तुमच्या भावानं माझ्या मनगटावर हात ठेवला आणि स्वतः सुरुवात केली.

"पेट पर... नहीं. बु... बुढ़िया है. बैठेगी तो... चुभेगा. बटन... पीठ पर."

एवढ्याला किती वेळ लागला म्हणता? बाहेर एक मोटरसायकल आली, माणूस उतरला, पायजमा मागून, मिळवून, पैसे देऊन गेला, तेव्हा ते "पीठ" वर पोचले होते. मास्टर तसेच वाकून उभे. टाचण्या तोंडात असल्यानं त्यांना मध्ये बोलताच येत नव्हतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकलं होतं. बाकी आम्ही सारे, डॉक्टर, गंधाली, शेजारी, आणि सगळ्यात जास्त मी, त्यांनी "पा" म्हटलं की पाणी देत होतो आणि "च" म्हटलं की चष्मा. त्यांना कधी चहा पाहिजे असायचा, तरी चष्मा लावून बसायचे बिचारे. मी मदत समजत होते. मास्टरांनी टाचण्या काढल्या आणि म्हणाले, हव बाबूजी. त्याबरोबर आमची हव उठून त्यांच्याकडे गेली आणि खडूची रेघ वाकडी झाली. ती कोटावर अजूनही वाकडीच आहे.

चार दिवसांनी कोट आला. आतून फलालीन, वरून तुमची लोकर, पाठीवर तुमचीच चार मोठी बटणं. दोन बोटं सहज जातात, काख मोकळी, पोटाला काही टोचत नाही. पहिल्या सकाळी मी घालायला गेले तर हवनं तोंड फिरवलं. हे खुर्चीवरून खाली पायरीवर बसले, तिला दोन गुडघ्यांमध्ये घेतलं, उजव्या हातानं काज धरलं आणि डाव्या हातानं बटण. एक बटण लागायला बारा मिनिटं. मी घड्याळ पाहत होते, माझे हात इतके शिवशिवत होते की शेवटी आत जाऊन मेथी निवडायला घेतली. आणि ती कुत्री, जी गंधालीच्या पार्सलात दगड झाली होती, ती त्या बारा मिनिटांत हलली नाही, पण शेपूट सुरू होतं. आज तीन बटणं लागतात. चौथं मानेजवळचं घट्ट आहे, ते अजून मीच लावते, पण आधी विचारून. व्यायाम शिकवायला येणारा यशदीप (तोच रबराच्या चेंडूवाला, ज्याचा चेंडू हे पलंगाखाली टाकायचे) त्यानं परवा हे पाहिलं आणि चेंडू पिशवीत घालून घेऊन गेला. म्हणाला, आंटी, अब इसकी ज़रूरत नहीं.

आणि कोट घातला की हवला गल्ली फिरायची हौस येते. ती पुढे, हे काठी टेकत मागे. दर दोन घरांवर कोणीतरी थांबवते, की कोट कितना बढ़िया है, कुठून आणला. मग यांना उत्तर देणं भाग पडते. मी फाटकातून ऐकते. ते म्हणतात, "भंडारा." मग थोडं थांबून, "दीदी." मास्टरांचं नाव कोणालाच सांगत नाहीत. तेव्हा ताई, तुमचा कोट कुत्रीला गेला खरा, पण चौबे कॉलोनीत आज तुमच्याइतकं नाव कोणाचं नाही.

संक्रांतीचे तिळाचे लाडू वेगळ्या डब्यातून पाठवले आहेत. भाऊजींना दोनच द्या. मुलांना आशीर्वाद.

तुमची,
मंदाकिनी

ता. क. पत्र तुमच्या हाती पडेपर्यंत इकडे थंडी उतरायला लागेल. ऊन चढलं की कोट काढायचा असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं आहे, पण हव यांच्याशिवाय कोणालाच काढू देत नाही. काल हे दुपारी झोपले होते, तर बाईसाहेब भर उन्हात लोकरीचा कोट घालून जीभ बाहेर काढून बसलेल्या, आणि सारी गल्ली मला बोल लावून राहिली. जनावरांची मी अजूनही नाही, हे भाऊजींना सांगा.

ता. क. २. ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहिलंच. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, सव्वीस तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास तुमचा फोन वाजेल. मी नसेन, हे असतील. त्यांनी स्वतः ठरवलं आहे, तुम्हाला आधी सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, म्हणून हे पत्र वाचून ठेवून द्या आणि फोन आल्यावर आश्चर्य वाटलं असं दाखवा. त्यांचे शब्द पुरे करू नका. तुम्हाला कळेल काय म्हणायचं आहे, तरी करू नका. मोठ्यानं बोलू नका, कान चांगले आहेत. रडू आलं तर येऊ द्या, फक्त फोन भाऊजींना देऊ नका. मी त्या वेळी अग्रवाल भाभींकडे त्यांचं लोणचं बघायला जाणार आहे, म्हणजे माझ्या तोंडून काही निघायचं भ्या नाही.

ता. क. ३. काय बोलणार आहेत ते मला माहीत आहे, कारण रोज सकाळी बटणं लावताना ते हवसमोर सराव करतात. तीनच शब्द आहेत. मी सांगत नाही, त्यांचे त्यांनाच सांगू द्या. पहिला येतो. दुसराही येतो. दुसऱ्यानंतर काहीच ऐकू आलं नाही, तर लाइन कटली असं समजून ठेवू नका, ताई. तिसरा यायला वेळ लागते.